क्रोमियम कुणाचं?

“मग एवढं क्रोमियम आलं कुठून, सर?”

मगदूमनं प्रश्न विचारला, पण उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. ते त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं.

खासनीस सर विळीवर कैरी चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कृष्णाकाठच्या या मठात येऊन सरांना बरीच वर्षं झाली. दीक्षा त्यांनी घेतलेली नाही. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथं एक खोली घेऊन राहिले. सकाळी मुदपाकखान्याला भाजी चिरून देतात. मठातली माणसं त्यांना केमिस्टबुवा म्हणतात.

मगदूम हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी, आणि बहुधा सर्वांत हुशार. आता तो स्वतःच एका प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. मी त्याच्या फार आधीचा. त्या दिवशी त्याच्याच गाडीतून मठात गेलो होतो आणि भिंतीला टेकून बसलो होतो.

“कसलं क्रोमियम?” सर म्हणाले. “पहिल्यापासून सांग.”

मगदूमनं सांगितलं.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायका. प्रत्येकीच्या गाठीचा एक तुकडा, आणि त्याच स्तनाचा, गाठीपासून लांबचा, निरोगी दिसणारा दुसरा तुकडा. दोन्ही बारीक कापायचे, वाळवायचे, तीव्र आम्लात विरघळवायचे आणि यंत्राला द्यायचे. मग यंत्र सांगतं, त्यात जस्त किती, तांबं किती, सेलेनियम किती. ही द्रव्यं शरीरात इतकी थोडी असतात, की बोटाला लागलेली धूळसुद्धा हिशेब बिघडवते.

“बाकी सगळ्यांत फरक थोडाथोडा आहे,” मगदूम म्हणाला. “क्रोमियम मात्र गाठीत चौपट. पाचपट. जवळजवळ प्रत्येक बाईत.”

“छान.”

“छान कसलं, सर? आमच्या वसाहतीमागं क्रोम प्लेटिंगचा कारखाना आहे. सांडपाणी ओढ्यात सोडतात. यातल्या निम्म्या बायका त्या ओढ्याकाठच्या.”

“आणि उरलेल्या?”

“उरलेल्या गावातल्या. त्यांच्यातही तेवढंच आहे. म्हणजे पाणी किती लांबवर झिरपलंय बघा.”

सर हसले. “मगदूम, तू वकील व्हायचास. चुकून इकडं आलास.”

मगदूमला ते आवडलं नाही. पण तो गप्प बसला. त्याला काही मागायचं होतं.

“उद्या सभा आहे,” तो म्हणाला. “ओढ्याकाठची माणसं येणार आहेत. वार्ताहर येणार आहेत. कारखान्याच्या मालकालाही बोलावलंय.”

“आणि तिथले कामगार?”

“तेही येतील. ओरडतील. कारखाना बंद पडला तर पोटावर पाय येणार त्यांच्या. पण मी काय करू? आकडा आहे.”

“बरं. मग मी कशाला हवा?”

“तुम्ही फक्त व्यासपीठावर माझ्या शेजारी बसा. बोलू नका काही. तुम्ही बसलात, की आकड्यावर बोट ठेवायची कुणाची छाती होणार नाही.”

“म्हणजे मला कलशासारखं मांडणार. वर नारळ ठेवून.”

“सर, चेष्टा नको.”

“नाही करत.”

सरांनी एक कैरी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

मगदूमची बायको गेल्या वर्षी याच रोगानं गेली. खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

“अंगठी काढून ठेवत होतास?” सरांनी विचारलं.

“सर!”

“विचारतोय.”

“काढत होतो. घड्याळही.”

“पावडर?”

“प्रयोगशाळेत कुणी पावडर लावून येत नाही. तुमच्यामुळंच आम्हाला ती सवय लागली.”

ते खरं होतं. आमच्या वेळी कुणी तोंडाला पावडर लावून आला, तर सर त्याला दारातूनच परत पाठवत. एकदा एकाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याला पाठवलं होतं. हळदीच्या हातानं आला म्हणून.

“ब्लँक?”

“रोज चालवला.”

ब्लँक म्हणजे रिकामी कुपी. तिच्यात आम्ल घालायचं, ती तापवायची, यंत्राला द्यायची. सगळं करायचं, फक्त नमुना घालायचा नाही. म्हणजे आम्लातून, काचेतून, हवेतून किती मळ येतो ते कळतं.

“काय आला?”

“स्वच्छ. आरशासारखा. तुम्हालासुद्धा इतका स्वच्छ कधी मिळाला नसेल.”

“नसेल,” सर म्हणाले.

आतून आचारी ओरडला, “केमिस्टबुवा, कैऱ्या आज मिळतील का पुढच्या उन्हाळ्यात?”

“आलो रे!” सर ओरडले. उठले मात्र नाहीत.

त्यांनी दोन फोडी उचलल्या आणि मगदूमपुढं धरल्या. दोन्ही एकाच कैरीच्या. एक गालाची, मऊ. तिच्या कडा पांढऱ्या होत्या. दुसरी कोयीजवळची, निबर. तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

“हा काळेपणा कैरीचा का?”

“नाही. विळीचा. लोखंडी पातं आहे ना. आंबटानं लोखंड उतरतं.” मगदूम जरा वैतागला होता. “हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, सर.”

“तुझी सुरी कसली होती?”

“स्टेनलेस. उत्तम प्रतीची. दर नमुन्याला धुतलेली.”

“स्टेनलेसमध्ये काय काय असतं?”

“लोखंड, निकेल...”

तो थांबला.

“आणि?”

“...क्रोमियम.”

“ब्लँकमध्ये सुरी कुठं होती?”

“ब्लँकमध्ये कापायला काय असतं, सर? ती कुपी तर रिकामी...”

वाक्य तसंच राहिलं.

बाहेर कुणीतरी नदीवरून आलं आणि पायरीवर पाय आपटून चिखल झाडू लागलं.

मगदूम सावरला. तो सावरणारच. इतका हुशार माणूस लगेच हार मानत नाही.

“पण सर, निरोगी तुकडाही त्याच सुरीनं कापला आहे. क्रोमियम सुरीचं असतं, तर दोन्हीकडं सारखं आलं असतं. फरक आला नसता. फरक आहे.”

मला वाटलं, हे बरोबर आहे.

सरांनी हातातल्या दोन फोडी तशाच धरून ठेवल्या होत्या.

“ही पांढरी कापायला किती जोर लागला असेल?”

“फारसा नाही.”

“आणि ही?”

मगदूम फोडीच्या काळ्या कडेकडं बघू लागला.

“निरोगी तुकडा कसा कापला जातो?”

“लोण्यासारखा,” मगदूम हळू म्हणाला. “बहुतेक चरबीच असते. सुरी ठेवली की जाते.”

“आणि गाठ?”

“कडक असते. चिवट. घासावं लागतं... पुन्हा पुन्हा.”

सरांनी दोन्ही फोडी परातीत टाकल्या.

मगदूमनं तोंडावरून हात फिरवला. त्याला हिशेब लागला होता. चेहऱ्यावरून दिसत होतं, की तो एकेका नमुन्याकडं मनात परत जातो आहे. कुठली गाठ निबर होती, कुठली मऊ. आकडा कुठं चढला, कुठं नाही. आणि ते जुळत होतं.

“सगळ्यांत जास्त कुणात आलं?” सरांनी विचारलं.

“कुप्यांवर नावं नसतात, सर. क्रमांक असतात.”

“ते मला माहीत आहे.”

“...तिच्यात.”

“तुला क्रमांक ठाऊक होता?”

“होता.”

“दुसऱ्या कुणाला कापायला सांगायचं.”

“दुसऱ्या कुणाचा हात माझ्याइतका स्वच्छ नाही, सर.”

हे तो गर्वानं म्हणाला. मग त्यालाच ते ऐकू आलं असावं.

“तिची गाठ इतरांपेक्षा निबर होती?”

“नाही. तशी नव्हती. इतरांसारखीच.”

“मग तिच्यात जास्त का?”

मगदूम खाली बघत होता. फरशीवर कैरीचं पाणी सांडलं होतं, त्यावर एक माशी बसली होती.

“मी सुरी लावली,” तो म्हणाला. “अर्ध्यात गेली. आणि मग पुढं... पुढं ढकलवेना. हात थांबला. तशीच सोडली.”

“सुरी?”

“हो. तशीच आत. खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. परत आलो तर सुरी तिथंच होती. ओली. तेवढा वेळ तिचं क्रोमियम आत उतरत राहिलं असणार. मग उरलेलं कापलं.”

सरांनी विळीचं पातं मिटवलं.

“हे तुझ्या शोधनिबंधात आहे?”

“पद्धतीच्या भागात एवढंच लिहिलंय, सर, की नमुने स्टेनलेसच्या सुरीनं कापले. तेवढंच लिहितात.”

“हो. तेवढंच लिहितात.”

आतून पुन्हा हाक आली. आता आचारी नुसता “कैऱ्या!” एवढंच ओरडला. सरांनी परात उचलून दाराबाहेर ठेवली, आणि कुणीतरी ती नेली.

“म्हणजे कारखाना निर्दोष,” मगदूम म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “असंच म्हणायचं ना तुम्हाला? उद्या मी तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि त्यांनी ओढ्यात सोडत राहायचं.”

“मी असं म्हटलं का?”

“मग काय म्हटलंत?”

“ओढ्याचं पाणी मोज. विहिरी मोज. तिथल्या माणसांचं रक्त मोज. त्यात सापडलं, तर कारखान्याला कुलूप लावायला मी तुझ्याबरोबर येतो. काठी टेकत येईन. पण तू आणलेल्या आकड्यात कारखाना नाही, मगदूम. असेलही... पण दिसत नाही. त्याच्यावर सुरी बसली आहे.”

“त्याला वर्ष जाईल.”

“जाईल.”

“आणि तोवर?”

सरांनी विळी उचलून भिंतीशी ठेवली.

मगदूम उठून उभा राहिला, पुन्हा बसला. इतका मोठा माणूस, पन्नाशीचा. त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

“सर, मग ती कशानं गेली?”

हा प्रश्न त्यानं सकाळपासून विचारला नव्हता. मला वाटतं, वर्षभर विचारला नव्हता. त्याऐवजी क्रोमियमबद्दल विचारत होता.

सरांनी पंच्याला हात पुसले. सावकाश. एकेक बोट.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“तुम्हालाही नाही?”

“मलाही नाही.”

पायरीवरचा माणूस कधीच आत निघून गेला होता. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“मी निघतो,” मगदूम म्हणाला. “उद्याची सभा आता रद्द होणार नाही. माणसं येतील. माझ्याकडं बघतील. आकडा सांगता येत नाही, कारखान्याचं नाव घेता येत नाही... मी उभं राहून सांगू काय, सर?”

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच, सरळ.

“हात थांबला होता, ते सांग.”