चौथऱ्यावरचं पागोटं

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक घर कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवी, दुसरं तुरटी देई, तिसरं मंजिष्ठेचा लाल रंग चढवी. कापडाने कुठल्या घरातून कुठे जायचं, हे चावडीपुढच्या चौथऱ्यावर मांडलेल्या बोळक्यांवरून ठरे. प्रत्येक घराचं एक बोळकं, आणि बोळक्यांची रांग तीच कामाची रांग.

रांग बदलायची असेल, तर आधी आपलं पागोटं चौथऱ्यावर ठेवायचं. ते असेपर्यंत दुसऱ्या कुणी बोळक्यांना हात लावायचा नाही. पूर्वी दोघांनी एकाच वेळी रांग बदलली होती आणि गाडीभर कापडाचं वाटोळं झालं होतं, तेव्हापासूनची ही रीत. तशी शहाणी रीत होती बरं का.

एकदा राजाने नव्या गडासाठी लाल निशाणं मागवली. कापडही त्यानेच धाडलं, जाडंभरडं, खळीने ताठ झालेलं. दसऱ्याला निशाणं तयार नसतील, तर दरबारचं सगळं काम दुसऱ्या गावाला जाणार होतं. मग इथल्या चुली कशावर पेटणार?

आणि रंग काही धरेना. शेवटची धुलाई ठकूबाईच्या घरी असे, त्यामुळे डागाळलेलं कापड तिच्याच हाती येई. तिने बरोबर ओळखलं की, आधी साजीखारात उकळून खळ काढल्याशिवाय हे कापड रंग घ्यायचं नाही. रांगेत एक बोळकं वाढवायला हवं होतं.

पण चौथऱ्यावर अवजीचं पागोटं होतं. अवजीकडे वाळवणीचं काम. त्याने जागा बदलायला वाळवणीचं बोळकं रांगेतून बाहेर काढलं, पण ते कुठे बसवावं हे सुचेना, आणि स्वारी पागोटं तिथेच ठेवून मेव्हण्याकडे जेवणावळी झोडायला गेली. "मी येईस्तोवर हात लावायचा नाही," असं वर बजावूनही गेला.

गाव हातावर हात धरून बसलं. दुसऱ्याचं पागोटं उचलणं म्हणजे त्याच्या अब्रूला हात घालणं. जो उचलेल तो वाळीत पडे. ठकूबाईने माणूस धाडला. निरोप आला, "सवडीने येतो."

ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी रागाच्या भरात तिने काही केलं नाही. तिने आधी सगळं गाव गोळा केलं.

"पागोटं मी उचलते," ती म्हणाली. "वाळीत टाकायचं तर मला एकटीला टाका."

"ठकूबाई, विचार करा," म्हातारे पंच म्हणाले.

"विचार करूनच उभी आहे, आजोबा. भीती वाटतेच. पण रीत आपण काम सांभाळायला केली, अडवायला नाही."

तिने दोन्ही हातांनी पागोटं उचललं आणि देवळातल्या पाटावर ठेवलं. अवजीची अर्धवट मांडणी दुसरी बोळकी आणून शेजारी जशीच्या तशी लावून ठेवली. मग आपली डोईवरची चुंबळ चौथऱ्यावर टाकली, वाळवणीचं बोळकं पहिल्या जागी परत ठेवलं, साजीखाराचं सगळ्यात पुढे मांडलं आणि काम होताच चुंबळ उचलली.

पहिलं कापड कुंकवासारखं लाल निघालं. गावाच्या जिवात जीव आला.

अवजी परतला तो फणफणतच. "माझ्या पागोट्याला हात कुणी लावला?"

"मी लावला," ठकूबाई म्हणाली. "हे घ्या पागोटं. आणि ही तुमची मांडणी, सोडून गेलात तशीच आहे."

अवजी भांडायला आला होता, पण भांडायला काही उरलंच नव्हतं. नवी रांग बघता बघता त्याचं अडलेलं कोडं सुटलं. वाळवण हवं होतं ते तुरटीनंतर, रंगाच्या आधी!

"ठेवू का पागोटं?" त्याने हळूच विचारलं.

"ठेवा की. पण आता इथून हलू नका."

अवजी हलला नाही. बोळकं जागेवर बसवलं आणि पागोटं लगेच डोक्याला बांधलं. रंग आणखी खुलला. दसऱ्याच्या सकाळी गडाच्या बुरुजाबुरुजावर लाल निशाणं फडफडली आणि खाली उभ्या रंगाऱ्यांचे डोळे भरून आले. राजाने दरबारचं काम त्या गावाला कायमचं दिलं.

पुढे पंचांसमोर ठकूबाईला वाळीत टाकायचा विषय निघाला, तेव्हा आधी अवजीच उठला. "टाकायचं तर मला टाका," तो म्हणाला. "काम अडवलं मी, सोडवलं यांनी."

विषय तिथेच संपला.

बोध एवढाच: सामायिक काम हाती घ्याल तेव्हा ते जपा, पुरं करा आणि लगेच दुसऱ्यासाठी मोकळं करा.