एक वाव रुंदीचं दार

क्वालालंपूर शहरात एका जुन्या वस्तीच्या जागी आज साठ मजली इमारत उभी आहे. मलय लोकांच्या लाकडी घरासारखी उंच खांबांवर पेललेली, माथ्यावर झावळ्यांच्या छपरासारखा उतार, काचांवर वेलबुट्टी. पण एवढ्या थोरल्या इमारतीचं दार मात्र अगदीच अरुंद. दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम मावतील. तिथली म्हातारी माणसं त्याचं कारण सांगतात.

इथे म्हणे माक सेनाहचं घर होतं. माक म्हणजे आई. सगळी वस्तीच तिला आई म्हणे. तिचा लेक आदनान बोटीवर नोकरीला गेला, तो परतलाच नाही. आपल्याकडे बायका नवस बोलतात ना, तसा तिनंही बोलला होता : लेक येऊन जेवेपर्यंत हे घर सोडणार नाही. वीस वर्षं ती रोज एक ताट जास्तीचं वाढत राहिली.

मग वस्ती उठवायची नोटीस आली. सेनाहनं अर्ज केले, अल्लाची करुणा भाकली. काही चाललं नाही.

इमारतीचा आराखडा करणारा रुस्दी भला माणूस. म्हणाला, "माक, घर वाचवणं माझ्या हाती नाही. पण दार आपल्या रीतीनं तुमच्या मापाचं ठेवीन." घरच्या बाईनं दोन्ही हात पसरायचे, बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, आणि तेवढ्या दोरीनं घर आखायचं, ही तिकडची जुनी चाल.

सेनाहनं हात पसरले. डावा खांदा आखडलेला. हात सरळच होईना.

"थोडा अजून ताणा ना, माक. दार फार लहान होईल."

"ताणलाय रे बाबा. सत्तरीत याहून लांब हात कुठून आणू?"

दोरी भरली तेवढीच धरली. ते माप खोटं करायचं नसतं.

गाठोडं घेऊन निघताना ती बांधकामाच्या रखवालदारापाशी थांबली. "आदनान आला तर मी नसेन. जेवलास का, एवढं विचार त्याला."

"ओळखू कसा, माक?"

वीस वर्षांत लेकाचा तोंडवळा कसा झाला असेल, तिलाच सांगता येईना. शेवटी म्हणाली, "मग सगळ्यांनाच विचार."

सेनाह दूरच्या वसाहतीत वारली. आदनान आला की नाही, कुणालाच ठाऊक नाही. पण आजही त्या दारात कुणी अनोळखी शिरलं, की रखवालदार नाव-गाव विचारण्याआधी म्हणतो, "जेवलात का?" आणि नाही म्हणणाऱ्याला, असं सांगतात, आधी बसवून वाढतात.