कपाटाची किल्ली

तालुक्याच्या एका गावी साठ खाटांचं इस्पितळ होतं आणि तिथे एकमेकांची ओळखही नसलेले दोन सर्व्हर होते. जुन्यावर पेशंटची मागची हकिगत, कोणाला कोणतं औषध सोसत नाही तेही. नव्यावर आजचे उपचार. नर्सच्या टेबलावरचे कॉम्प्युटर फक्त नव्याला जोडलेले. मागचं पाहायचं तर कपाटातला केसपेपर काढावा लागे.

दिगंबर घोटणे या कॉम्प्युटरवाल्याने ते सगळे कॉम्प्युटर दोन्ही सर्व्हरना जोडून दिले. केसपेपरचा नंबर टाकायचा, की दोन्हीकडची माहिती एका पडद्यावर. माणूस हुशार होता, फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याने कागदांचं कपाट बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

सिस्टर फिलोमिना डिमेलो तिथे वीस वर्षं होत्या. पेशंट पुन्हा आला, की त्या जुना केसपेपर नव्याला टाचून ठेवत. त्या म्हणाल्या, "घोटणे, आपले नंबर दर एप्रिलला एकपासून सुरू होतात, एकच नंबर दरवर्षी वेगळ्या माणसाला जातो. जुने पेशंट ताडून बघितलेत ना?"

"सिस्टर, तुम्ही सुई सांभाळा. वायर मी सांभाळतो."

चार माणसांदेखत बोलला. त्याने दहा नंबर टाकून पाहिले होते. पडद्यावर माहिती उमटली, एवढ्यावर तो खूश. ती कोणाची, हे पाहायचं त्याला सुचलंच नव्हतं.

या नव्या जोडणीच्या उद्घाटनाच्या दिवशी अकराच्या सुमारास पाहुणे खालच्या दालनात बसले. वॉर्डात डॉक्टरांना बोलावायचा माइक आज भाषणांसाठी आणला होता. दिगंबरने दाखवायला म्हणून धोंडीबा गायखे यांचा नंबर टाकला. सत्तरीच्या धोंडीबांच्या नावापुढे दोन वर्षांपूर्वीचं बाळंतपण आलं.

त्याने दुसरा नंबर टाकला, तिसरा टाकला. सगळी हकिगत भलत्याच माणसांची.

पडदा अजून पाहुण्यांकडे वळवलेला नव्हता. एखादा जुळणारा पेशंट दाखवून वेळ मारून नेता आली असती, संध्याकाळी गुपचूप दुरुस्तीही झाली असती. पण वर वॉर्डात अकराची इंजेक्शनं चालू होती, आणि कपाटाची किल्ली याच्या खिशात होती.

मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "घोटणे, सुरू करा."

त्याने माइक ओढला. "सगळ्या वॉर्डांनी ऐका. कोणालाही इंजेक्शन देऊ नका. पडद्यावरची माहिती चुकीची आहे. चूक माझी आहे." मग पाहुण्यांकडे न पाहता तो जिना चढत सुटला.

वर सिस्टर भरलेली सुई हातात धरून एका मुलीच्या खाटेशी उभ्या होत्या. पडदा म्हणत होता, या पेशंटला सगळी औषधं चालतात. दिगंबरला कुलूप दोनदा उघडेना. तिसऱ्यांदा उघडलं. सिस्टरनी टाचलेला केसपेपर काढला, वाचला आणि सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. मागच्या वर्षी याच औषधाने ती मुलगी मरता मरता वाचली होती.

दिगंबरने किल्ली सिस्टरच्या हातात ठेवली.

"नाव, वय, गाव सगळं जुळवून पुन्हा जोडतो. एकेक जुना पेशंट तुम्ही तपासा. तुम्ही म्हणाल तेव्हाच कपाट बंद करू."

कपाट पुढे तीन महिने उघडंच होतं.

तात्पर्य: आपल्या कामावर शंका घेणाऱ्याचं आधी ऐकून घ्यावं, आणि तेव्हा ऐकलं नसेल, तर चूक कळताच अब्रूचा विचार न करता ती सर्वांदेखत सांगावी, कारण आपण गप्प राहिलो तर ती भलत्याच्या जिवावर बेतते.