पट्ट्याखालची दोन बोटे

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चामड्याचे काम करणाऱ्या एका कुटुंबात जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. बैलांचे पट्टे, खोगिरे, पाण्याच्या पखाली तो करी. त्याचा हात चोख होता आणि बोलणे थोडे सावकाश.

त्याच नगरात नंदिसेन नावाचा व्यापारी राहत असे. दोनशे बैलांचा त्याचा तांडा दरवर्षी उज्जयिनीला जाई. त्याला आणि त्याची बायको कनका हिला मूलबाळ नव्हते. एका वर्षी परतीच्या वाटेवर कुत्र्याचे एक तांबूस पिल्लू तांड्यामागून चालत थेट त्यांच्या दारी आले. त्या वर्षी व्यापारही चांगला झाला होता. झाले! हा सगळा पिल्लाचाच पायगुण असे घराने ठरवून टाकले आणि त्याचे नाव तांबू ठेवले. नंदिसेनाने सोमिलाकडून लाल चामड्याचा, चांदीच्या घुंगरांचा पट्टा करून घेतला, ज्योतिष्याकडून ताईत आणून त्यात शिवून घेतला आणि तो पिल्लाच्या गळ्यात बांधला. ज्योतिषी म्हणाला, "हा पट्टा सुटला की घराचे भाग्य सुटले." मग तो सोडायला कोण धजावणार?

तांबूचे लाड काय सांगावेत! सकाळी दूधभात, दुपारी तूपभात, निजायला मऊ लोकर. सगळे काही होते. फक्त कुत्रा वाढतो आणि चामडे वाढत नाही, एवढी साधी गोष्ट त्या भल्या घरात कोणाच्या ध्यानात आली नाही. मानेवरचे दाट केस वाढले आणि पट्टा त्यांच्याखाली दिसेनासा झाला.

वर्ष सरता सरता तांबू बदलला. त्याने खाणे कमी केले. मानेजवळ हात गेला की तो गुरगुरू लागला. एके दिवशी कनकाने लाडाने त्याची मान कुरवाळली, आणि त्याने तिच्या हाताचा कडकडून चावा घेतला. "एवढं करून शेवटी काय, तर खाल्ल्या घरावर उलटला!" असे शेजारीपाजारी म्हणू लागले.

नंदिसेन तडक सोमिलाकडे आला. "तांबूच्या तोंडाला बांधायला एक मुसकी कर आणि भक्कम दोर दे. उद्या दुपारी त्याला नदीपलीकडच्या रानात सोडून येतो. आणि हो, यंदा दोनशे बैलांचं सगळं सामान तुझ्याकडूनच घेणार आहे."

नदीपलीकडच्या रानात बिबटे होते. हे दोघांनाही ठाऊक होते, पण तसे कोणी बोलले नाही. एवढ्या बैलांचे सामान म्हणजे सोमिलाच्या घरी दोन वर्षांची बेगमी होती.

सोमिल म्हणाला, "मुसकी मापाची करावी लागते, धनी. आधी कुत्रा बघतो."

तांबू अंगणाच्या कोपऱ्यात पडला होता. समोर पाण्याची परात होती आणि तो अधूनमधून पाणी पीत होता. सोमिलाला पाहून त्याने शेपटीचे टोक हलवले. पिसाळलेला कुत्रा असा नसतो, हे सोमिलाने ओळखले. तो जवळ गेला नाही. चार पावले दूर, पाठ वळवून तो जमिनीवर बसून राहिला. नंदिसेन वैतागून येरझारा घालू लागला. बऱ्याच वेळाने तांबू आपण होऊन उठला, जवळ आला आणि सोमिलाचा हात हुंगू लागला. तेव्हा सोमिलाला सडल्याचा वास आला. त्याने अलगद केस बाजूला केले. पट्टा मांसात रुतला होता आणि त्यावर कातडी चढू लागली होती. उघड्या राहिलेल्या भागावर सोमिलाला स्वतःचाच टाका दिसला. त्याचे डोळे भरून आले.

"धनी," तो म्हणाला, "हा उलटला नाही. इतके महिने याचा गळा कापला जातोय, आणि कापणारी वस्तू माझ्या हातची आहे. पिल्लू वाढेल तसा पट्टा सैल करा, हे मी सांगायला हवं होतं. घुंगरांच्या कौतुकात राहून गेलं. चूक माझी आहे. आता पट्टा तोडू द्या."

नंदिसेन घाबरला. "अरे, यंदाचा तांडा अजून निघायचाय! पट्ट्याला हात लावलास तर बैलांचं सामान दुसऱ्याकडून घेईन."

"घ्या, धनी," सोमिल म्हणाला. मग तो दारात उभ्या असलेल्या कनकाकडे वळला. तिच्या हाताला फडके बांधलेले होते. "बाई, ही जखम दिवसातून किती वेळा बघता?"

"दोनदा," ती म्हणाली. "धुताना आणि लेप लावताना."

"याची एकदाही कोणी बघितली नाही."

कनका तांबूजवळ खाली बसली. ज्याने चावा घेतला होता त्याचे डोके तिने मांडीवर घेतले आणि ती रडू लागली. "माझ्या लेकरा, तू सांगत होतास आणि मला कळलं नाही! सोमिला, तोड. अहो, भाग्य जायचं तर जाऊ द्या."

सोमिलाने पट्टा कापला. तांबू विव्हळला, पण चावला नाही. वैद्याने कडुनिंबाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, किडे काढले आणि औषध लावले. पुढे महिनाभर कनका रोज जखम बघे. तेवढ्यावर ती थांबली नाही. कान, दात, पंजे, बोटांच्या बेचक्यांतले काटे, सगळे ती बघू लागली. दूध-तुपाचा मारा थांबला आणि तांबू पुन्हा धावू लागला.

बैलांचे सामान मात्र दुसऱ्याकडे गेले. नंदिसेन असल्या बाबतीत शब्दाचा पक्का होता. सोमिलाने ते वर्ष वहाणा सांधून काढले.

तांडा गेला तसा सुखरूप परत आला. पट्ट्यावाचून काही अडले नव्हते. आल्यावर नंदिसेन तांबूला घेऊन सोमिलाच्या दारी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "याला एक पट्टा हवाय. तुझ्याच हातचा."

सोमिलाने साधा, मऊ, पुष्कळ भोकांचा पट्टा केला. "रोज याखाली दोन बोटं घालून बघा. सहज गेली तर ठीक. अडली तर सैल करा."

नंदिसेनाने भीत भीत बोटे पुढे केली. तांबूने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि मग आपण होऊन मान वर केली. नंदिसेनाला रडू आवरले नाही.

शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्या बोधिसत्त्वाने, ही कथा सांगितली ती चंदिक नावाच्या भिक्षूला. विहाराच्या दाराशी चंदिकाने एक कुत्रा बांधला होता आणि 'हल्ली तो फार चावरा झालाय, त्याला हाकलून द्यावं' असे तो म्हणत होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा नंदिसेन म्हणजे तूच, चंदिका. कनका म्हणजे रोज इथे भिक्षा आणणारी उपासिका सुमना. चामड्याचे काम करणारा सोमिल मी होतो. आणि तांबू दाराशी बांधलेला आहे. पुन्हा तुझ्याच हाती आला बिचारा. भिक्षूंनो, ज्याच्यावर माया केली त्या जिवाकडे रोज नीट बघणे आणि आपली चूक दिसताच ती मान्य करणे, हीच मैत्री. त्या जन्मी मी तिचे पालन केले."

चंदिक उठला, दाराशी गेला, कुत्र्यापासून चार पावलांवर पाठ वळवून खाली बसला आणि वाट पाहू लागला.