खैराईची रजा

एक होती नदी, आणि ती फार दमलेली होती. काय म्हणतोस दिन्या, राजा पाहिजे? आहे रे राजाही. एक सोडून तीन आहेत, आणि तिघांनी मिळून त्या बिचारीचा जीव काढला. पण आधी पाय पांघरुणात घे. शाले, तूही. आज माझी कंबर धरली आहे, मला मध्येच उठायला लावू नका.

तर नदीचं नाव खैराई. तिच्या दोन्ही काठांवर मिळून एकच शहर होतं, म्हणून त्याला म्हणायचे दोनथडी. शहराला एक कोतवाल होता, हैबती. नाव हैबती, पण माणूस कसा, तर वाळक्या शेंगेसारखा. चोऱ्या, भांडणं, घाटाची झाडलोट, रस्त्यातले दिवे, सगळं त्याच्याच गळ्यात. आणि आणखी एक काम होतं, ते फक्त दोनथडीच्या कोतवालालाच असायचं. शहरात नवा हुकूम निघाला की तो चौकाचौकात दवंडी पिटायचा. मग शेवटी गुडघाभर पाण्यात उभा राहून तोच हुकूम नदीलाही ऐकवायचा. नदी काही चौकात येत नाही ना. तिला सांगितलंच नाही तर ती पाळणार कशी? ऐकून झालं की नदी त्याच्या गुडघ्यावर हलकी लाट मारायची. म्हणजे तिनं म्हटलं, बरं.

हैबती तरणा होता तेव्हा तिथं राजा होता. राजानं दगडी घाट बांधला. मग हुकूम काढला, की खैराईनं घाटाला लागून वाहावं, यात्रेकरूंची पापं धुवावीत, आणि फुलं म्हणा राख म्हणा, जे काय लोक टाकतील ते पुढं न्यावं. हैबतीनं पाण्यात उभं राहून हुकूम वाचला. खैराईनं लाट मारली. बरं.

मग राजा गेला, नवाब आला. नवाबानं तट बांधला, तटाच्या आत बाग लावली. मग हुकूम काढला, की खैराईनं तटाच्या खंदकात फिरावं, बागेतली कारंजी उडवावीत, आणि धान्याच्या जड नावा वाहून आणाव्यात. नवा हुकूम आला म्हणून जुना रद्द होत नाही, बरं का. पापं होतीच, वर ही कारंजी. खैराईनं लाट मारली. बरं.

मग नवाबही गेला आणि टोपीवाला साहेब आला. साहेबानं पूल बांधला, नळ टाकले. मग हुकूम काढला, की खैराईनं पुलाखालून निमूट जावं, नळातून घरोघर चढावं, आणि घराघरातल्या मोरीतून जे येईल ते परत पोटात घ्यावं. हैबती आता म्हातारा झाला होता. पाण्यात उभं राहिलं की त्याचे गुडघे कळ मारायचे. त्यानं हुकूम वाचला आणि वाट बघत राहिला. लाट काही येईना. कितीतरी वेळानं पाणी त्याच्या गुडघ्याला नुसतं टेकलं. मुकी बिचारी, कुणीही हाका. हैबतीला फार वाईट वाटलं. पण हुकूम ऐकवणारा तोच, मग तो कोणत्या तोंडानं बोलणार?

मग एकदा काय झालं, भर दुपारी हैबती कचेरीत पेंगत बसला होता. एक म्हातारी आत आली. लुगडं ओलंचिंब, उभी राहील तिथं पाणी साचतंय, केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. शिपाई तिला हाकलणार, तोच हैबतीनं ओळखलं. सगळा जन्म तिच्यात गुडघाभर उभा राहिलेला माणूस तो. त्याला नाही कळणार?

"ये आई, बस," तो म्हणाला.

"बसले तर उठायची नाही. उभ्यानंच सांगते. हैबती, मला रजा पाहिजे."

"किती दिवसांची?"

"एकच दिवस. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. डोंगरातून निघाले तेव्हापासून पाठ टेकली नाही मी."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर परत डोंगरात जाईन. रागानं नाही रे. पण आता होत नाही माझ्याच्यानं. आणि एक सांगून ठेवते. मला झोपेतून कुणी उठवलं तरीही मी निघून जाईन. अर्ध्या झोपेतून उठून पुन्हा कामाला जुंपून घ्यायचं बळ नाही राहिलं."

एवढं बोलून म्हातारी गेली. फरशीवर नुसतं पाणी राहिलं. खैराई गेली तर दोनथडी म्हणजे नुसते दगड. घरी हैबतीचा नातू पाळण्यात होता. त्यानं प्यायचं काय?

मग तो साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, "कोतवाल, कचेरीचा नियम तुला ठाऊक आहे. बदली माणूस दिल्याशिवाय रजा नाही." नियम हैबतीला ठाऊक नसेल तर कुणाला? लेकीच्या लग्नातसुद्धा त्याला बदली मिळाली नव्हती. अक्षता पडल्या आणि तो हळदीच्या हातांनीच कचेरीत येऊन बसला होता. बायको त्यावरून अजून टोमणे मारायची, आणि मारणारच. मीही मारले असते.

मग हैबती बदली शोधायला निघाला. आधी गेला चौकातल्या विहिरीकडे. म्हणाला, "एक दिवस खैराईचं काम करशील का?" विहीर म्हणाली, "अरे बाबा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि माझ्यात येतं ते तिच्याकडूनच झिरपून येतं. ती झोपली की मीही कोरडी." मग गेला देवळामागच्या तळ्याकडे. तळं म्हणालं, "मला नुसतं बसायची सवय. नावा ओढायच्या म्हणजे चालावं लागणार. ते काही जमायचं नाही." मग गेला टेकडीवरच्या ढगाकडे. ढग म्हणाला, "येईन. पण कधी येईन ते विचारू नकोस." असला बदली माणूस काय कामाचा? पाहुण्यासारखा. हैबती हात हलवत घरी आला आणि उंबऱ्यातच बसला.

त्याची बायको चिमाबाई नातवाला पाळण्यात घालत होती. म्हणाली, "असे का बसलात हो? पागोटं तरी उतरवा."

हैबतीनं तिला सगळं सांगितलं. चिमाबाई पाळण्याची दोरी ओढत ऐकत होती. मग म्हणाली, "मागं मी तापानं पडले होते, तेव्हा माझ्या जागी कोण आलं होतं?"

"कुठं कोण आलं होतं?"

"कुणी एक नाही आलं. सूनबाईनं चूल सांभाळली. शेजारच्या द्वारकेनं पाणी भरलं. तुम्ही भांडी घासलीत, काळीच ठेवलीत ती गोष्ट वेगळी. घर चाललं की नाही? खैराईच्या सगळ्या कामाला पुरेल असा एक माणूस कुठून मिळायला? पण थोडं थोडं सगळ्यांना दिलं तर?"

हैबतीनं पागोटं उतरवलंच नाही. तो तसाच उठला, साहेबाकडे गेला आणि म्हणाला, "बदली मिळाली. सगळं शहर." साहेबानं डोकं खाजवलं. बदली एकच माणूस पाहिजे असं नियमात कुठं म्हटलं नव्हतं. शिवाय नदी डोंगरात गेली तर पूल कशावर राहणार? मग त्यानं रजा दिली.

मग हैबतीनं दवंडी पिटली. उद्या खैराईला रजा आहे हो. घरोघर आजच पाणी भरून ठेवा. नावाड्यांनी गोणी डोक्यावर घेऊन पुलावरून जायचं. पुजाऱ्यांनी निर्माल्य पिंपळाखाली पुरायचं. मोऱ्यांना बोळे लावायचे. यात्रेकरूंनी आपापली पापं एक दिवस स्वतःजवळ ठेवायची. आणि कुणी आवाज करायचा नाही, तिची झोप मोडता कामा नये.

परटिणी म्हणाल्या, "तिला रजा, आणि आम्हाला?"

हैबती म्हणाला, "तुम्हालाही. ती झोपल्यावर तुम्ही धुणार कशात?" तेव्हा कुठं त्यांची तोंडं हसरी झाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. ओल्या लुगड्यातली म्हातारी घाटाच्या शेवटच्या पायरीवर आली, उशाला हात घेतला आणि आडवी झाली. वाहतं पाणी जागच्या जागी थांबलं. तांब्यातलं असावं तसं. हैबती वरच्या पायरीवर राखण करत उभा राहिला. नावाडी गोणी घेऊन चवड्यांवर चालले. साहेबानं वाटीभर पाण्यात तोंड धुतलं आणि कुरकुर केली, पण हळू केली. सगळं कसं नीट चाललं होतं.

पण एक काम वाटून द्यायचं राहिलंच होतं. कारण ते काम कुणा राजानं, नवाबानं, साहेबानं नदीला हुकूम काढून दिलंच नव्हतं. कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

झालं काय, तर पाण्याचा आवाज थांबला. दोनथडीत जन्मलेल्या प्रत्येक पोरानं पहिल्या दिवसापासून तो आवाज ऐकलेला. त्याच आवाजावर त्यांची झोप लागायची. आयांना वाटायचं आपण झोपवतो. आता तो आवाज नाही म्हटल्यावर, ऊन डोक्यावर आलं आणि चिमाबाईचा नातू पाळण्यात दचकून उठला. त्यानं जे भोकाड पसरलं म्हणता. त्याचं ऐकून शेजारचं रडलं. मग पलीकडची आळी. मग पलीकडचा काठ.

घाटावर म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. थांबलेलं पाणी थरथरलं. हैबती दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वर चढला. चोर असता तर त्यानं धरला असता. तान्ह्या पोरांना कोतवाल काय करणार?

चिमाबाईनं नातवाला उचललं. आधी खुळखुळा वाजवला. तो जास्तच रडला. मग बोटावर गूळपाणी चाटवलं. ते त्यानं थुंकून टाकलं. मग पाळणा म्हणायला लागली, पण बाईचा सूर कापरा, पोर आणखीच बिथरलं. शेवटी ती दमली. पहाटेपासून पाण्याची भांडी उचलून तिचे खांदे गेले होते. भिंतीला टेकून ती बसली, पोराला छातीशी धरलं, आणि तिच्या तोंडून नुसता श्वास सुटला, शूऽऽ. काही ठरवून नाही, बरं का. दमलेल्या माणसाचा सुटतो तसा.

पोर थांबलं. टकामका बघायला लागलं. चिमाबाईनं पुन्हा केलं, शूऽऽ. पोराचे डोळे जड झाले.

शेजारची द्वारका दारात रडतं पोर घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं आणि खाली बसून तेच करायला लागली. मग पलीकडच्या घरातली सासू, मग आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या, मग पुलापलीकडच्या. ज्यांच्यानं पाणी भरवत नव्हतं, गोणी उचलवत नव्हत्या, ज्यांना त्या दिवशी कुणी काम दिलं नव्हतं, त्या सगळ्या दारादारात पोरं मांडीवर घेऊन बसल्या. शूऽऽ. आणि काय सांगू, लांबून ऐकलं तर थेट नदी वाहत असल्यासारखं वाटत होतं. म्हातारीच्या कपाळावरची आठी गेली. तिनं कूस बदलली आणि ती गाढ झोपली. ते ऐकता ऐकता हैबतीही पायरीवर बसला, मग भिंतीला टेकला, मग घोरायला लागला. त्याला तर रजाही नव्हती.

सूर्य मावळला. खैराई उठली. चांगली ताजीतवानी, तोंडावर पाणी आलं होतं. जाता जाता ती चिमाबाईच्या दारात थांबली. म्हणाली, "पोरांना झोपवायचं कामही मीच करत होते होय? माझं मलाच ठाऊक नव्हतं."

चिमाबाई म्हणाली, "आता राहू द्या ते आमच्याकडे. तेवढंच तुमचं ओझं हलकं."

"तुम्ही दमाल."

"दमलेलीच आहे मी. या कामाला दमलेलंच माणूस लागतं."

खैराई हसली आणि वाहायला लागली. जाताना तिनं हैबतीला उठवलं नाही. लोकांनीही उठवलं नाही. त्याची कामं आपापसात वाटून घेतली आणि त्याला पोटभर झोपू दिलं. पुढं साहेब गेला, दुसरे आले, त्यांनीही हुकूम काढले. पण दरवर्षी एक दिवस खैराई रजेवर जायची, आणि सगळं शहर तिच्या बदलीवर उभं राहायचं. दोनथडीची माणसं सुखानं नांदली, आणि नदीही त्यांना सोडून गेली नाही.

आणि पोरांना झोपवायचं काम मात्र तेव्हापासून म्हाताऱ्यांकडेच राहिलं, ते आजतागायत. त्याला रजा नाही, बदली नाही. दिवसभराच्या कामानं माझेही खांदे भरून आलेत, पण तुमचे डोळे मिटेपर्यंत मला पाठ टेकता येत नाही. दिन्या झोपला वाटतं. शाले, एक डोळा उघडा आहे तुझा, दिसतोय मला. मीट तो, आणि सोड तुझ्या आजीला. शूऽऽ. शूऽऽ.