चिमाक्काचं पाल

आमच्या वाघोळात अजून रस्ता आला नव्हता, कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून यायचं, तेव्हाची ही हकीगत. म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची. गावाच्या डोक्यावर भणाणखिंड आहे. मिठाचे तांडे तिथे मुक्काम करायचे आणि खिंडीतला वारा त्यांची पालं पाडायचा. तो वारा तेव्हा माणसांना नावानिशी ओळखायचा, असं म्हणतात.

गावात चिमाक्का नावाची साळीण होती. तिचं सूत इतकं बारीक, की पाच वार कापड मुठीत मावायचं. तिचा धाकटा भाऊ हैबती बैल घेऊन तांड्याबरोबर जायचा. तांड्यातले बाकीचे लोक लोकरीची जाड पालं वापरायचे. ती भिजली की एकेक पाल उचलायला दोन गडी लागायचे, आणि घाट चढताना बैलांचे गुडघे फुटायचे. हैबतीला बैलांची फार माया. तो म्हणाला, "आक्का, तुझ्या कापडाचं पाल करून दे की. माझ्या बैलाला कळणारसुद्धा नाही पाठीवर काय आहे ते."

चिमाक्काने हौसेनं विणून दिलं. उन्हात धरलं तर पलीकडचा डोंगर दिसावा, असं ते पाल होतं.

चैत्रात खिंडीत गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी तांड्याचा म्होरक्या सोमा नाईक चिमाक्काच्या दारात आला. त्याच्या हातात ते पाल होतं, मधोमध फाटून दोन तुकडे झालेलं. हैबती गारठून मेला होता. त्याचे बैल त्याला खेटून बसलेले सापडले.

 चिमाक्काने ते कापड मांडीवर घेतलं आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत गेली. सुरुवातीला काट्याएवढं भोक होतं. तिथून चीर सुरू झाली होती आणि कुठेही न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"आता आम्ही जाडच नेणार, आक्का," सोमा नाईक हळूच म्हणाला. "जड तर जड."

"जड पालाखाली तुमचे बैल मरतात, दादा," ती म्हणाली. "आणि माझ्या पालाखाली माझा भाऊ मेला. मला थोडी वर्षं द्या. मी वाऱ्यालाच विचारते."

ती खिंडीत राहायला गेली. तिथे तिने पाच पालं ठोकली: एक लोकरीचं, एक तागाचं, एक अंबाडीचं, एक रेशमाचं आणि एक आपल्या सुताचं. प्रत्येकाला बाभळीच्या काट्यानं एकेक भोक पाडलं आणि रोज एकेका पालाखाली बसून राहिली. लोकरीचं फाटलं नाही, पण भिजून इतकं जड झालं की बांबूच मोडला. ताग कोरडा असेपर्यंत वाघ होता, पावसाळ्यात कुजला. अंबाडीही त्याच वाटेनं गेली. रेशीम सगळ्यांत हलकं आणि चिवट, पण दोन उन्हाळ्यांत पापडासारखं झालं. सुताचं मात्र नवल होतं. भिजलं की ते आणखी घट्ट व्हायचं. फक्त एकदा चीर पडली की थांबायची नाही.

तिथे बसून बसून तिला कापडांचं बोलणं कळू लागलं, असं म्हणतात. दुपारी वारा दमून यायचा आणि मांजरासारखा तिच्या पायाशी वेटोळं करून निजायचा. तिचे केस त्याच्याच रंगाचे झाले. त्या रंगाला नाव नाही.

एके दिवशी तांडा घाट उतरत होता. बैल एका दोरानं एकामागे एक बांधलेले. एक बैल घसरला, त्याच्या ओढीनं मागचा घसरला, मग त्याच्या मागचा. पण दर दहा बैलांमागे दोन बैल खांद्याला खांदा लावून जोडलेले असत. घसरण त्या जोडीपाशी आली आणि थांबली. जोडीनं फक्त पाय रोवले.

चिमाक्का उठली ती थेट घरी मागावर जाऊन बसली. दर दहा धाग्यांनंतर तिने जोडधागा घातला, उभाही आणि आडवाही. कापड हातात घेतलं तर पूर्वीइतकंच हलकं. काट्यानं भोक पाडून तिने दोन्ही हातांनी ओढलं. चीर दोन बोटं गेली, जोडधाग्यापाशी आली आणि तिथेच राहिली. तेव्हा ती हैबतीसाठी पहिल्यांदा रडली.

त्या कापडाचं मोठं पाल घेऊन ती खिंडीत आली. सोमा नाईक बायकापोरांसह तिथेच उतरला होता. तो आत शिरू लागला तर तिने त्याला अडवलं. "आधी मी बसते. एक वादळ जाऊ दे. मग तुम्ही."

पण वादळाला धीर नव्हता. दिवस कलायच्या आत आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा आल्या. जाड पालं भिजून कोसळली. सगळा तांडा चिमाक्काकडे धावला. त्या एका पालात चाळीस माणसं मावली, आणि बैलांनीही तोंडं आत घातली. कसं मावलं, कोण सांगणार? पाल श्वास घेतल्यासारखं फुगत होतं, असं म्हणतात.

गारा थांबल्या आणि ऊन पडलं. पालाला शंभर भोकं पडली होती, पण एकही चीर जोडधागा ओलांडून गेली नव्हती. भोकांतून उन्हाचे कवडसे आत उतरले आणि भरदिवसा सगळ्यांच्या अंगावर चांदण्या पडल्या. पोरं त्या मुठीत धरू लागली.

सोमा नाईकाने तिच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, "हैबती थोडी वर्षं थांबला असता, तर यात बसला असता."

पुढे तिने पुष्कळ पालं विणली. म्हातारपणी एकदा नवं पाल घेऊन ती खिंडीत गेली, ती परत आली नाही. पाल ताठ उभं होतं, मेखा जागच्या जागी होत्या, आणि दाराशी तिच्या वहाणा नीट काढून ठेवलेल्या होत्या.

आता मीठ ट्रकनं येतं. पण वाघोळात लग्नाचा मांडव असो की जत्रेतलं दुकान, ज्याने कापड बांधलं तो आधी एकटा त्याखाली बसतो. याला आक्काची बैठक म्हणतात. तालुक्याचा मांडववाला असला तरी गावकरी त्याला चहाचा कप देऊन आत बसवतात आणि स्वतः बाहेर उन्हात उभे राहतात. त्याचा चहा संपेपर्यंत नवरानवरीसुद्धा आत जात नाहीत.