भुरीची झुकांडी

जंगलात माणसाची पाऊलवाट अजून पडली नव्हती, त्या काळी माळावरच्या आणि नदीकाठच्या प्राण्यांत दर हिवाळ्यात हुतुतूचा सामना रंगायचा. माळाच्या संघाला खेळ शिकवायची एक म्हातारी घोरपड. यंदा तिने भुरी नावाच्या सशिणीला संघात घेतलं, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. भुरी वाऱ्यासारखी पळायची खरी, पण चढाईला गेली की हमखास पकडली जायची.

"पाय तुला जन्मानेच मिळालेत, खेळ मात्र शिकावा लागेल," घोरपड म्हणाली. मग तिने भुरीला दम टिकवायला शिकवलं, पकडणाऱ्याला झुकांडी देऊन निसटायला शिकवलं. भुरी रोज मातीत आपटायची आणि पुन्हा उठायची.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईत नदीकाठच्या संघातल्या रानडुकराने भुरीला कोपऱ्यात गाठलं.

"दे झुकांडी, आत्ताच!" घोरपड ओरडली.

भुरी मात्र हुतुतू घुमवत जागीच थांबली. इतक्यात डुकराने झेप घेतली, आणि भुरी त्याच्या पाठीला पंजा लावून बाजूने निसटली. दम सुटायच्या आत तिने मध्यरेषा गाठली. माळाने सामना मारला!

"मी सांगितलं तेव्हा का नाही दिलीस?" घोरपडीने विचारलं.

"तेव्हा डुक्कर मागच्या पायांवर तोलून उभं होतं, बाई. कुठेही वळलं असतं. झेपावल्यावर कसं वळणार?"

हे घोरपडीने तिला कधीच शिकवलं नव्हतं. म्हातारीची मान ताठ झाली. "कितीतरी पोरी माझ्या हाताखाली शिकल्यात," ती साऱ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पण आजचा डाव हिचा स्वतःचा!"